घरातील मूल खचले असता: मुंबईत मदत कोठे आणि कशी मिळवावी

गिरणगावातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी २२ वर्षे शिकवले. वर्गाच्या दाराशी उभे राहून, हातातल्या पिशवीचे बंद उगाच गुंडाळत "बाई, जरा बोलायचं होतं" असे म्हणणाऱ्या आया या काळात किती आल्या, ते मी मोजले नाही. मुलाचे काहीतरी बिनसले आहे, हे त्यांतील बहुतेकींना आधीच कळलेले असे. कोठे जावे, एवढेच ठाऊक नसे. मुलगा बोलत नाही, मुलगी रात्रभर जागी असते, डबा न उघडता परत येतो, हे सर्व डोळ्यांसमोर घडत असूनही घर दोन-दोन महिने थांबलेले असे, कारण कोणीतरी 'चांगला डॉक्टर' सुचवील याची वाट पाहिली जात होती.

चांगल्या डॉक्टरचा शोध ही पहिली पायरी मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आज, या वेळी, आपल्या घरापासून जे दार उघडे आहे ते आधी ठोठवावे. पुढची दारे तेथून कळत जातात. ज्यांनी हे पूर्वी कधी केलेले नाही अशा आईवडिलांसाठी, आणि गाव सोडून नुकतेच मुंबईत आल्यामुळे ज्यांना येथील रुग्णालयांची नावेही नीट ठाऊक नाहीत अशा कुटुंबांसाठी हा लेख आहे. साधारण १० ते १८ वर्षे वयाची मुले डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

आपलेच मूल जगावेगळे निघाले, अशी खंत ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक आकडा सांगते. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात चार-पाच जण.

घाई किती आहे, हे आधी ठरवावे

कोठे जायचे हे पुष्कळसे घाईवर अवलंबून असते, म्हणून आधी तिचा अंदाज घ्यावा. मुलाने स्वतःला इजा करून घेतली असेल, गोळ्या किंवा विषारी काही घेतले असेल, मरणाबद्दल बोलताना ते कसे आणि केव्हा हेही ठरवल्यासारखे बोलत असेल, किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज त्याला ऐकू येऊन ते भानावर नसेल, तर ही आताची, याच तासाची बाब आहे. झोप, भूक, अभ्यास आणि मित्र या चारांपैकी दोन-तीन गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक काळ विस्कटलेल्या असतील, तर ती याच आठवड्यातली बाब समजावी. परीक्षेची धास्ती, सततची चिडचिड, मोबाईलवरून रोजची भांडणे ही या महिन्यात हाताळण्याची बाब आहे. तिच्यासाठी रात्री बारा वाजता धावपळ करण्याचे कारण नाही, पण ती वर्षभर टाळूही नये.

काही खुणा सहज नजरेतून निसटतात. ऐन मे महिन्यात मुलगी पूर्ण बाह्यांचा कुडता अंगातून काढत नाही. मुलगा आपली जपलेली बॅट किंवा हेडफोन मित्राला देऊन टाकतो. दहीहंडीच्या सरावाला वर्षानुवर्षे सर्वांत आधी पोहोचणारा पोरगा या वर्षी "नको" म्हणतो. महिनाभर उदास असलेले मूल एके दिवशी अकारण शांत, हलके झालेले दिसले की घरातल्यांना हायसे वाटते. त्या दिवशी मात्र अधिक जवळ राहावे, कारण कधीकधी ही शांतता मनाशी काही निश्चित केल्यानंतरची असते.

शंका आली की विचारावे, आणि सरळ विचारावे. असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. ती निराधार आहे. विचार आधीच असेल तर विचारल्याने मुलाला तो बोलून दाखवण्याची वाट मिळते. "राजा, इतका त्रास होतो तेव्हा जगूच नये असं वाटतं का तुला?" इतके साधे वाक्य पुरते. उत्तर 'हो' आले, तर "असं वेड्यासारखं बोलू नये", "तुझ्या वयाचे होतो तेव्हा आम्ही काय काय सोसलं" ही वाक्ये ओठांवर येतात; ती गिळावीत. "सांगितलंस ते बरं केलंस. मी इथेच आहे. आपण दोघं मिळून कुणाला तरी विचारू," एवढे म्हणून गप्प बसावे आणि ऐकावे. कोणाला दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढावी, त्याने अपाय नाही. मात्र देवऋषाकडच्या अमावास्येची वाट पाहत डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.

घाईच्या रात्री काय करावे

मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. घरातील एक मोठे माणूस सतत त्याच्या नजरेसमोर असावे, न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नये. घरातील सर्व गोळ्या, फिनेल, ढेकणांचे किंवा उंदरांचे औषध, धारदार वस्तू लगेच हलवाव्यात. दहा बाय बाराच्या खोलीत कुलपाचे कपाट कोठून आणायचे, हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे. त्यावर उपाय असा की, हे सारे एका पिशवीत बांधून शेजारच्या वहिनींकडे ठेवण्यास द्यावे. का, हे त्यांना सांगितलेच पाहिजे असे नाही. इमारत उंच असेल तर गच्चीची किल्ली पहारेकऱ्याकडेच राहील असे पाहावे.

मुलाने काही घेतले आहे अशी शंका असली तरी मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते आणि ११२ हा सर्व आपत्कालीन मदतीचा क्रमांक आहे. पण दारात रिक्षा किंवा टॅक्सी उभी असेल तर वाट न पाहता निघावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नये, त्याने हानी वाढू शकते. गोळ्यांचे रिकामे पाकीट किंवा बाटली सोबत घ्यावी. "आता बरं वाटतंय, नको जायला," असे मूल म्हणाले तरी जावे, कारण काही औषधांचे दुष्परिणाम उशिरा दिसतात आणि तोवर उपचाराची वेळ टळून गेलेली असते. परळचे केईएम, सायनचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर ही महापालिकेची, तर भायखळ्याचे जे. जे. हे राज्य सरकारचे रुग्णालय आहे. या पाचही ठिकाणी अपघात विभाग रात्रंदिवस उघडा असतो आणि मानसोपचार विभागही आहे.

या वेळी घरच्यांना आजाराइतकीच पोलिसांची भीती असते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला जवळच्या एका नर्सिंग होममधून "ही पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही" असे सांगून परत पाठवले गेले आणि त्यात पाऊण तास गेला. म्हणून मी थेट मोठे रुग्णालय सांगते. तेथे अशा प्रसंगाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते, पोलीस येऊन जबाब घेऊ शकतात, हे खरे. परंतु २९ मे २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्या काळजीची, उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुन्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर त्या रूपात उरलेलेच नाही. त्यामुळे "पाय घसरला", "चुकून घेतलं" अशी कहाणी डॉक्टरांना सांगू नये. कहाणीवर विश्वास ठेवून जखमेवर टाके पडतील, पण मूळ दुखणे तसेच घरी येईल.

घरी सोडण्याआधी मानसोपचार विभागाच्या डॉक्टरांनी मुलाला तपासले आहे ना, हे आवर्जून विचारावे. तपासले नसेल तर तसे करण्याची विनंती करावी आणि बाह्यरुग्ण विभागात केव्हा दाखवायचे ती तारीख कागदावर लिहून घ्यावी. घाईत सर्वांत जास्त वेळा निसटणारी गोष्ट हीच आहे.

फोनवरची मदत

व्हॉट्सॲपवर फिरणारी २५ क्रमांकांची यादी कोणाच्याही कामाची नसते. वेळ आली की त्यातले निम्मे लागत नाहीत. तीन-चार क्रमांक पुरेत. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, किंवा १-८००-८९१-४४१६. ती निःशुल्क आहे, २४ तास चालते आणि भाषेची निवड करताना मराठी निवडता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटल्यास ते मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी जोडून देतात.

मुलाने स्वतःच, घरच्यांना न सांगता फोन करावा असा प्रसंग असेल, विशेषतः घरातच मारहाण किंवा अत्याचार होत असेल, तर चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे. ही सेवा १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. याच संस्थेची आयकॉल ही समुपदेशन सेवा ९१५२९८७८२१ या क्रमांकावर आहे. ती रात्री चालत नाही, त्यामुळे दिवसा फोन करावा. मुलाचे छायाचित्र किंवा चित्रफीत दाखवून कोणी पैशांसाठी धमकावत असेल, तर मुले लाजेने गप्प राहतात आणि दोन दिवसांत कोलमडतात. अशा वेळी पैसे देऊ नयेत, संदेश पुसू नयेत, १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आणि पोलिसांकडे तक्रार करावी, आणि मुलाला सर्वांत आधी "चूक धमकावणाऱ्याची आहे" हे सांगावे.

फोन करण्यासाठी आपले मूल तयारच होत नाही, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. मग आईने किंवा वडिलांनी फोन करावा. मदतवाहिन्यांवर पालकांशीही बोलतात. "माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, तीन आठवड्यांपासून शाळेत जात नाही, मी काय करू?" इतकी सुरुवात पुरेशी आहे. बोलायचे कोठून, हा मुंबईतला खरा प्रश्न. चाळीच्या गॅलरीत प्रत्येक शब्दाला दहा कान असतात, आणि एका खोलीत सासूबाई, दीर, लहान भावंडे सारेच असतात. गच्ची, मैदानाच्या कडेचा कट्टा, दुपारचा रिकामा बसथांबा, स्टेशनच्या पुलाखाली गर्दी ओसरल्यावरची जागा असे काही आधीच हेरून ठेवावे. मुलाला तिथवर सोबत न्यावे, फोन लावून त्याच्या हाती द्यावा आणि स्वतः हाकेच्या अंतरावर, पण ऐकू येणार नाही इतके दूर उभे राहावे.

महापालिकेच्या रुग्णालयातला पहिला दिवस

नववीतल्या एका मुलाला घेऊन त्याच्या आईसोबत मी अशाच एका मोठ्या रुग्णालयात गेले होते. सकाळी साडेसातला आम्ही रांगेत होतो. खिडकीतल्या माणसाने, मागची चाळीस माणसे ऐकतील अशा आवाजात, "कुठला विभाग?" असे विचारले. मुलाची आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "डोकं दुखतं त्याचं." साहजिकच केसपेपर मेडिसिन विभागाचा निघाला. त्या विभागाच्या रांगेत दोन तास बसून, तेथील डॉक्टरांनी विचारपूस करून आम्हाला मानसोपचार विभागाकडे पाठवेपर्यंत अकरा वाजून गेले होते. मुलगा एव्हाना इतका कंटाळला होता की, "मला काही झालं नाही, घरी चला" एवढेच म्हणत राहिला. तेव्हापासून मी सर्वांना सांगते की, घरूनच एका चिठ्ठीवर मुलाचे नाव, वय आणि 'मानसोपचार विभाग' एवढे लिहून न्यावे आणि न बोलता ती चिठ्ठी खिडकीत सरकवावी. मोठ्याने उच्चारण्याची लाज वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. केसपेपर योग्य विभागाचा निघाला म्हणजे झाले.

केसपेपर सकाळीच काढून घ्यावा, दुपारी गेल्यास बहुधा दुसऱ्या दिवशी यावे लागते. शुल्क नाममात्र असते. मुलांसाठी वेगळा दिवस किंवा बालमार्गदर्शन विभाग आहे का, हे चौकशी खिडकीवर आधी विचारावे, कारण मोठ्यांच्या गर्दीत मुलाला बसवण्यापेक्षा त्या दिवशी गेलेले बरे. पहिल्या भेटीत अर्धा दिवस जातो, हे धरूनच कामावर रजा सांगावी. आधारकार्ड, आधीचे वैद्यकीय कागद, शेवटच्या दोन परीक्षांचे निकालपत्रक आणि मुलाची एखादी वही सोबत न्यावी. अक्षर आणि लेखन कधी बिघडू लागले हे वहीत दिसते आणि डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. पाणी आणि बिस्किटाचा पुडा विसरू नये. आजी, काका, मामी असा जथा नेऊ नये. वडिलांनी मात्र जरूर यावे. "आईच्या लाडाने बिघडलाय" या एका वाक्यात विषय संपवणारे वडील डॉक्टरांसमोर बसले की पुष्कळदा वेगळे बोलू लागतात, असे मी पाहिले आहे.

आत गेल्यावर आधी निवासी डॉक्टर सविस्तर विचारपूस करतात. आईवडिलांशी वेगळे आणि मुलाशी वेगळे बोलणे ही तेथील पद्धत आहे. मुलाला आत एकटे बोलावले म्हणून घाबरू नये. गरोदरपण, बाळंतपण, मूल चालू-बोलू केव्हा लागले, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, घरात कोणी दारू पिते का, असे प्रश्न येतील. तेथे सत्य सांगावे. आत्याने कधीकाळी जीव दिला होता आणि हे घरात कोणी बोलत नाही, ही गोष्ट डॉक्टरांसाठी महत्त्वाची असते. ऐन वेळी सुचत नाही, म्हणून केव्हापासून काय बदलले ते तारखांसह आदल्या रात्री कागदावर उतरवून ठेवावे. त्यानंतर वरिष्ठ डॉक्टर पाहतात, आणि बुद्धिमत्ता किंवा अन्य मानसशास्त्रीय चाचण्यांची गरज असल्यास त्यासाठी वेगळी तारीख मिळते. काही औषधे रुग्णालयातच मिळतात, काहींसाठी बाहेरची चिठ्ठी मिळते. परवडत नसेल तर तेथेच समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे.

मुलाला आदल्या दिवशी खरे काय ते सांगावे. "मावशीकडे जाऊ" म्हणून ओपीडीत नेलेले मूल पुन्हा विश्वास ठेवत नाही. "तुझी झोप उडाली आहे, त्यासाठीच्या डॉक्टरांकडे जातोय, तिथं गर्दी असेल, काही माणसं आजारी दिसतील, मी तुझ्या शेजारीच असेन," असे सांगितले की, "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतात" ही धास्ती पुष्कळ कमी होते.

खासगी मदत घेताना

मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर मानसोपचारात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेला डॉक्टर असतो. औषध तोच देतो आणि त्याची वैद्यक परिषदेकडे नोंदणी असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. 'समुपदेशक' हा शब्द मात्र आपल्याकडे सैल झाला आहे. सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम करूनही कोणी पाटी लावू शकतो, म्हणून पदवी कोणती, किशोरवयीन मुलांसोबत किती वर्षे काम केले, मुलाचा धोका वाढला तर कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवाल, हे तीन प्रश्न संकोच न करता विचारावेत आणि शुल्कही फोनवरच विचारून घ्यावे. ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था मराठी घरांना विशेष जवळची वाटते, कारण तेथे बोलणे आपल्या भाषेत होते. भाषेचा मुद्दा लहान समजू नये. 'घुसमट' या शब्दासाठी दुसरा शब्द शोधत बसावे लागले तर मूल गप्पच राहते.

शाळा आणि परीक्षा

शाळेला काही सांगावे की नाही, यावर घरात वाद होतो. सर्व वर्गशिक्षकांना सांगण्याची गरज नाही, पण शाळेतील एका माणसाला ठाऊक असावे, असे मी म्हणेन. तो समुपदेशक असू शकतो. ज्या शिक्षणसंस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत तेथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितले आहे. शाळेत तसे कोणी नसेल, तर मुलाला आवडणारे एखादे सर किंवा बाई. त्यांना निदान सांगू नये, गरज सांगावी: "तो मध्येच बाहेर जाऊ द्या म्हणाला तर जाऊ द्यावे," एवढेच.

दहावीच्या वर्षी खचलेल्या मुलांपैकी काहींच्या मुळाशी न ओळखलेली अध्ययन अक्षमता असते. तोंडी सारे येते, कागदावर उतरत नाही, आणि आठ वर्षे "आळशी" हे विशेषण ऐकून मूल स्वतःलाच मंद समजू लागते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. तपासणीला अनेक फेऱ्या लागतात, म्हणून हे काम नववीतच सुरू करावे. दहावीच्या जानेवारीत येणाऱ्या पालकांना पाहून मला वाईट वाटते, कारण तोवर फारसे काही करता येत नाही. निकालाच्या दिवशी मात्र निदान झालेले असो वा नसो, कोणत्याही मुलाला घरी एकटे ठेवू नये. निकाल दुपारी ऑनलाइन लागतो, तेव्हा आईवडील कामावर असतात. त्या दिवसाची रजा आधीच टाकावी.

गुपित किती राहते, आणि दाखल करावे लागले तर

मुलाने समुपदेशकाला सांगितलेले सारे आईवडिलांना कळेलच असे नाही, आणि कळू नये यातच उपचाराचे यश आहे. जीवाला धोका असेल तर मात्र पालकांना सांगितले जाते. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे समुपदेशकाला, डॉक्टरला आणि शिक्षकालाही बंधनकारक आहे. हे मुलाला आधीच सांगितलेले असावे, नाहीतर त्याला दगा झाल्यासारखे वाटते.

दाखल करण्याची वेळ थोड्याच मुलांवर येते. आली तर वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने दिलेले संरक्षण पालकांना ठाऊक असावे. १८ वर्षांखालील मुलाला दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यांतील एक तरी मानसोपचारतज्ज्ञ असतो. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ सोबत राहते. विम्याबद्दल: मानसिक आजारासाठीही शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण द्यावे, असे याच कायद्याचे कलम २१ सांगते, आपल्या पॉलिसीत काय येते ते दाखल करण्याआधी विचारून घ्यावे.

उपचार सुरू झाल्यावर

नैराश्यावरची औषधे लागू पडण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत किशोरवयीन मुलांमध्ये अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढलेले दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. गोळ्या आईच्या ताब्यात असाव्यात, एका वेळी एकच दिवसाची द्यावी. महिनाभरात मूल हसू-बोलू लागले की "आता सवय नको लागायला" म्हणून औषध बंद करणारे पालक पुष्कळ आहेत. दोन महिन्यांनी ते पुन्हा त्याच रांगेत दिसतात. बंद करायचे ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, हळूहळू.

समुपदेशक मुलाकडून बहुधा एक कागद लिहून घेतात. त्रास वाढू लागला की आधी काय जाणवते, तेव्हा मी स्वतः काय करीन, कोणाकोणाला फोन करीन, आणि शेवटी १४४१६ व ११२ हे क्रमांक, असे त्याचे स्वरूप असते. असा कागद घरीही करता येतो, मात्र तो मुलाच्याच अक्षरात, त्याच्याच शब्दांत असावा. मी ज्याच्यासोबत रुग्णालयात गेले होते, त्या मुलाने कोणाला फोन करीन या रकान्यात पहिले नाव कबड्डीच्या सरांचे लिहिले, दुसरे मामेभावाचे आणि आईचे तिसरे. आईला ते लागले, तिने मला कागद दाखवला आणि विचारले, "बाई, मी पुसून वर घेऊ का माझं नाव?" मी तिला नावे होती त्याच क्रमाने राहू देण्यास सांगितले. त्याच संध्याकाळी ती मैदानावर जाऊन सरांचा क्रमांक घेऊन आली आणि रात्री फोन आला तर उचलाल का, हेही त्यांना विचारून आली.